१९६८ची जीटीओ विकताना

१ ऑगस्ट २०२३ला आमच्या गॅरेजमधून हिरवी पॉन्टियॅक गेली. फेब्रुवारीत विकायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, फोटो काढू, जाहिरात टाकू, महिन्याभरात काम होईल. सहा महिने लागले. त्यातले दोन महिने एका आकड्याने खाल्ले. अमेरिकेत, मिशिगन राज्यात राहणाऱ्या ज्या कुणावर जुनी, दुरुस्त केलेली गाडी विकायची वेळ येईल, त्याला निदान कुठे काय अडतं ते आधी कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

आधी गाडीबद्दल थोडं. १९६८ची पॉन्टियॅक जीटीओ, दोन दारांची, ४०० घनइंची व्ही-एट (व्ही आकारात आठ सिलिंडर), म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण ६.६ लिटर. चार गिअर, हाताने टाकायचे. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं, ही या मसल कारमागची सरळ कल्पना. पॉन्टियॅक जनरल मोटर्सच्याच मालकीची, आणि जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियॅकच्या लोकांनी १९६४मध्ये टेम्पेस्ट गाडीवर ३८९ घनइंची इंजिन 'जादा पर्याय' म्हणून दिलं आणि नियमाला बगल दिली. तिथून जीटीओ सुरू झाली. १९६८ला तिचा घाट पूर्ण बदलला. पुढचा बंपर क्रोमचा नाही, बॉडीच्याच रंगातला, लवचिक. आणि ज्यांनी जास्त पैसे मोजले त्यांना झाकणाआड लपणारे हेडलाइट. आमच्या गाडीला ते होते.

२०११मध्ये ओहायोतून ९,५०० डॉलरला आणली तेव्हा तिचा तळाचा पत्रा इतका सडला होता की गाडीत बसून खालची जमीन दिसायची. पुढची सात वर्षं, शनिवार-रविवार, ती आणि मी. माझे बाबा कोल्हापूरचे, शिवाजी उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. शाळेतून आले की मी तिथेच बसायची. इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट वाजतंय की बेअरिंग, हे मी तिथे शिकले. त्यामुळे गॅरेजमध्ये फोन स्टँडवर लावून बाबांशी बोलत बोलतच निम्मं काम झालं.

२०२३च्या जानेवारीत बाबा न्हाणीघरात पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. आई एकटीने सगळं करते हे फोनवर ऐकवेना. नवऱ्याचं काम कुठूनही करता येण्यासारखं, मुलगी कॉलेजला गेलेली. वर्षाअखेर कोल्हापूरला परतायचं ठरलं.

गाडी सोबत नेता येईल का, हे मी नीट पाहिलं. तेव्हा येत नव्हती. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते, आणि जुन्या गाड्यांना असलेली सवलत तेव्हा फक्त १९५०च्या आधी बनलेल्यांना होती. आमची अठरा वर्षांनी हुकली. हे वाचून लॅपटॉप बंद केला आणि गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ नुसती बसून राहिले.

मार्चमध्ये कागद काढले. इथून पुढचं जरा लक्ष देऊन वाचा.

अमेरिकेत गाडीची मालकी 'टायटल' नावाच्या कागदावर असते. त्यावर गाडीचा व्हिन नंबर, म्हणजे ओळख क्रमांक, छापलेला असतो. आजच्या गाड्यांना तो सतरा आकडी-अक्षरी असतो, पण तो १९८१पासून. आमच्या गाडीचा तेराचा. त्याचा प्रत्येक भाग बोलतो. सुरुवातीचे २४२ म्हणजे पॉन्टियॅक जीटीओ. मग ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, बाजूच्या खिडक्यांमध्ये खांब नसलेली. ८ म्हणजे १९६८. मग 'पी' हे अक्षर, म्हणजे गाडी मिशिगनमधल्या पॉन्टियॅक गावच्याच कारखान्यात बनली. शेवटचे सहा आकडे तिचे स्वतःचे. हे २४२ फार महत्त्वाचे. पॉन्टियॅकच्याच साध्या लमाँ गाडीला जीटीओचे बिल्ले लावून विकणारे खूप आहेत, पण लमाँचा नंबर २३७ने सुरू होतो. बिल्ला बदलता येतो, हा आकडा पुसता येत नाही. (१९६४-६५च्या जीटीओला हा आधार नाही, कारण तेव्हा ती टेम्पेस्ट-लमाँवरचा पर्याय होती, स्वतंत्र मॉडेल नव्हतं.)

मी टायटल हातात घेऊन काचेतून डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली व्हिनची पट्टी वाचायला लागले, एकेक आकडा मोठ्याने. दहाव्या जागी पट्टीवर १, कागदावर ७.

चूक माझीच होती. २०११मध्ये अर्ज मी हाताने भरला होता. आपण शाळेत इंग्रजी एक काढतो तो वरून शेंडी ओढून. इथल्या डोळ्याला तो सात दिसतो. टायटल घरी आलं तेव्हा मी नाव तपासलं, पत्ता तपासला, नंबर तपासला नाही. बारा वर्षं विमासुद्धा त्याच चुकीच्या नंबरावर भरत होते. गाडी चोरीला गेली असती तर मी कोणता नंबर सांगितला असता, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हा, टायटल आलं की त्याच दिवशी गाडीजवळ उभं राहून पट्टीशी ताडून बघा.

मिशिगनमध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या शाखेत, म्हणजे इथल्या आरटीओत होतं. नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली, २२ मार्च. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की नंबर बदलायचा तर पोलिसाने प्रत्यक्ष गाडी पाहून टीआर-५४ हा फॉर्म भरून द्यायला हवा. मी घरून फोटो घेऊन गेले होते, ते चालत नाहीत. गावच्या पोलीस ठाण्याला फोन केला. त्यांच्याकडे हे काम आठवड्यातून एकदाच होतं, आणि मधे एकदा बर्फ पडल्यामुळे तो दिवसही गेला.

६ एप्रिलला एक तरुण पोलीस आला. टॉर्च लावून पट्टी वाचली, मग माझ्याकडून वाचून घेतली, मग पुन्हा स्वतः वाचली. पट्टीचे रिव्हेट मूळचे आहेत का तेही वाकून पाहिलं. पट्टी उचकटून दुसऱ्या गाडीला लावलेली असेल तर रिव्हेटवरून कळतं. दहा मिनिटांत फॉर्म झाला. पुन्हा वेळ घेतली, पुन्हा शाखेत गेले, १५ डॉलर भरले. नवीन टायटल टपालाने ३ मेला आलं. पाकीट फोडून चप्पल न घालताच गॅरेजमध्ये गेले आणि तेराच्या तेरा आकडे जुळवून मगच घरात आले.

या दोन महिन्यांत दुसरा कागद मिळवला. पॉन्टियॅकच्या गाड्यांचं एक चांगलं आहे की कारखान्याची जुनी बिलं जपून ठेवलेली आहेत. पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस फी घेऊन १९६१ ते १९८६च्या गाड्यांची त्या बिलाची प्रत देते. व्हिन बरोबर असला की तुमची गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात, कोणत्या जादा वस्तू लावून निघाली ते त्यावर दिसतं. आमच्या बिलावर व्हर्डोरो ग्रीन रंग, चार गिअर, लपणारे हेडलाइट आणि बॉनेटवर बसणारा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा), सगळं होतं. सात वर्षांत मी जे जे परत बसवलं ते त्या गाडीचंच होतं, हे कागदावर पाहिलं आणि डोळे भरून आले.

मग इंजिन.

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या बाजारात 'नंबर्स मॅचिंग' या दोन शब्दांवर हजारो डॉलर इकडचे तिकडे होतात. म्हणजे कारखान्यात बसवलेलं इंजिन अजून त्याच गाडीत आहे. १९६८पासून जनरल मोटर्सच्या इंजिनांवर गाडीच्या व्हिनचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. पॉन्टियॅकच्या इंजिनावर पुढच्या बाजूला, प्रवाशाच्या अंगाला (इथे उजवीकडे), दोन अक्षरांचा कोडही असतो. चार गिअरच्या साध्या ३५० हॉर्सपॉवर जीटीओला तो डब्ल्यूटी हवा. २०१२मध्ये मी आमच्या इंजिनाच्या ब्लॉकवरची, म्हणजे मुख्य ओतीव भागावरची, चाळीस वर्षांची ग्रीस वायर ब्रशने घासून काढली तेव्हा खाली दुसरंच काही निघालं. मागे डिस्ट्रिब्यूटरजवळ ओतकामाची तारीख होती, सी १२०. 'सी' म्हणजे तिसरा महिना, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. १२ मार्च १९७०. गाडी बनल्यानंतर ओतलेलं इंजिन. पॉन्टियॅकची व्ही-एट इंजिनं बाहेरून सगळी सारखीच दिसतात, म्हणून कुणीतरी कधीतरी दुसऱ्या पॉन्टियॅकचं ४०० उचलून यात बसवलं होतं. इंजिन उत्तम आहे, मीच ते बांधलंय. पण ते या गाडीचं नाही.

विकण्याचे तीन रस्ते होते. लिलाव, दलालाच्या शोरूममध्ये ठेवणे, किंवा स्वतः जाहिरात. लिलावात एका दिवसात निकाल लागतो, पण त्या दिवशी मागणारे दोनच असले तर गाडी मातीमोल जाते, आणि मला ते सोसवलं नसतं. म्हणून मेच्या मध्याला एका शोरूमवाल्याला भेटले. दहा टक्के कमिशन. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कागद पाहिले, आणि म्हणाला, जाहिरातीत 'मूळ ४०० इंजिन' एवढंच लिहू, ४०० तर आहेच, ज्याला कळतं तो विचारेल. मी कागद गोळा केले आणि घरी आले. रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, बाबांना सांगितलं. वॉकर धरून उभे होते ते खाली बसले. म्हणाले, "तू पहिल्या ओळीतच लिही, इंजिन दुसरं आहे म्हणून. गिऱ्हाईकाला ते घरी जाऊन सापडलं तर मग तुझं खरं होतं तेबी त्याला खोटंच वाटणार."

तसंच केलं. आधी ४२५ डॉलर देऊन एका मूल्यमापकाकडून लेखी किंमत घेतली. या बाजारात गाडीला एक ते चार अशी इयत्ता देतात. एक म्हणजे प्रदर्शनातली, चार म्हणजे चालते पण काम मागते. आमची तीन ठरली, चांगल्यापैकी तीन. किंमत ३९ ते ४३ हजार, इंजिन दुसरं आहे हे धरून. मी ४२,५०० मागायचं ठरवलं.

फोटोंसाठी मेअखेरची वाट पाहिली. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ पावसाने धुऊन गेल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, हा आमचा नेम. १४० फोटो काढले. त्यातले ४० गाडीखालचे, चारी बाजूंनी स्टँडवर चढवून. आणि जे बरं नाही ते मुद्दाम जवळून काढलं. डाव्या मागच्या चाकावरच्या पत्र्याखाली पुट्टी आहे, ती जागा. पुढच्या लवचिक बंपरच्या रंगात आलेली केसाएवढी चीर. उजव्या हेडलाइटचं झाकण, जे डाव्यापेक्षा दीड सेकंद उशिरा उघडतं. ही झाकणं इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात, नळ्यांतून जरा हवा गळली की झोपाळलेल्या पापणीसारखी वागतात. रात्रभर थंड झालेलं इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू करतानाचा व्हिडिओही घेतला, न थांबवता, चार मिनिटांचा. गरम इंजिन सगळ्यांचंच गोड बोलतं.

जाहिरात ५ जूनला लावली. पहिली ओळ: इंजिन मूळचं नाही, १९७०चं पॉन्टियॅक ४०० आहे. मग कारखान्याचं बिल, मग खर्चाची वही.

जून मनाला फार जड गेला. एकतीस फोन आले. त्यातल्या कितीतरी जणांनी मी बोलायला लागल्यावर विचारलं की गाडी ज्यांनी बनवली त्या तुमच्या मिस्टरांना देता का. प्रत्येक वेळी लागलं. मी सांगायचे, गाडी मीच बनवली आहे, विचारा काय विचारायचंय. दोघांनी फोन ठेवला, बाकीच्यांनी विचारलं. काही जण इंजिन मूळचं नाही म्हणून २५ हजारांपासून सुरू करायचे. काहींनी सल्ला दिला की ब्लॉकवरचे आकडे घासून नवे ठोकून घे, सगळे करतात. सगळे करत नाहीत. आणि ते करणं म्हणजे सरळ फसवणूक आहे.

१९ जूनला एकाने गाडी न बघताच पूर्ण किंमत कबूल केली. दुसऱ्या राज्यात राहतो, कॅशिअर्स चेक (आपल्या डिमांड ड्राफ्टसारखा, बँकेनेच काढलेला) पाठवतो, वाहतूकवाला येऊन गाडी नेईल. चेक आला तो ४७,५००चा. वरचे पाच हजार वाहतूकवाल्याला द्या म्हणाला. बँकेतल्या मुलीने चेक हातात घेऊन मला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, खात्यात पैसे दिसले तरी हात लावू नका, चेक देणाऱ्या बँकेकडून खात्री होऊ दे. सहा दिवसांनी उत्तर आलं, बनावट. मी गाडीही दिली नव्हती आणि पैसेही, म्हणून वाचले. कॅशिअर्स चेक म्हणजे रोख, असं आपण समजतो. खरा असेल तरच. मागितल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक आला की तिथेच थांबा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सॅगिनॉहून एकाचा फोन आला. घरांच्या हीटर-एसीची कामं करणारा, चाळिशीतला. त्याने पहिला प्रश्न विचारला की गाडीवर खर्च झालेल्या सगळ्या पावत्या आहेत का. आहेत म्हटलं, तीन फायली.

१२ जुलैला आला, सोबत त्याचा मेकॅनिक मित्र. चार तास होते. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून इंचाइंचाने फिरवलं, पुट्टी जिथे आहे म्हणून मी लिहिलं होतं तिथेच ते सुटलं, दुसरीकडे कुठेही नाही. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, १५० ते १६० पीएसआयच्या मधे सगळी. मग गाडी फिरवायला मी बाजूला बसले. त्याने पहिल्यांदा तिसरा गिअर टाकला तेव्हा मी नकळत माझा डावा पाय दाबला.

परत आल्यावर मी न राहवून विचारलं, इंजिन दुसरं आहे त्याचं काय? तो म्हणाला, मूळ इंजिनाची गाडी घेतली असती तर ती मी रस्त्यावर काढलीच नसती, ब्लॉक फुटला तर अर्धी किंमत गेली या धाकाने. ही मी रोज चालवीन. मला हा विचार कधी सुचलाच नव्हता. जिच्यामुळे लोक फोन ठेवत होते, त्याच गोष्टीसाठी त्याला गाडी हवी होती.

त्याने ३५ सांगितले, मी ४१. स्वयंपाकघरात चहा झाला, ३८,०००वर आलो. १,००० इसार, त्याची पावती लिहून दोघांच्या सह्या. पावतीत 'आहे त्या स्थितीत' हे शब्द घाला आणि सांगितलेले दोष पुन्हा लिहा, पुढे वाद होत नाहीत.

हिशेब सांगते, कारण मला हा कुणी सांगितला नव्हता. गाडी ९,५००. सात वर्षांत काम ४१,३००, यात माझी मजुरी नाही. विकली ३८,०००ला. १२,८०० कमी आले. घरगुती वापराच्या वस्तूवरचा तोटा इथे करात वजा मिळत नाही. गुंतवणूक म्हणून कुणी अशी गाडी दुरुस्त करायला घेत असेल तर त्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रविवारची सकाळ म्हणून घ्या.

१ ऑगस्टला, मंगळवारी, आम्ही त्याच्याच पतपेढीच्या शाखेत भेटलो. ३७,०००चा चेक माझ्यासमोर काउंटरवर बनला. पहिल्या अनुभवानंतर मी ही अट घातली होती आणि त्याला ती पटली. तिथून दोघं एकत्र सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या शाखेत. टायटलवर सही करून देऊन घरी येता येतं, पण नवा मालक नाव लावून घेईपर्यंत कागदोपत्री गाडी तुमचीच असते. त्याला पंधरा दिवसांची मुदत असते, आणि त्या दिवसांत काही झालं तर विचारणा तुमच्याकडे येते. म्हणून सोबत जाणं बरं. सहा टक्के कर, २,२८० डॉलर, त्याने भरला. विकणाऱ्याला तो लागत नाही. गाडी २०११च्या आधीच्या मॉडेलची असल्याने मीटरच्या वाचनाची लेखी हमी द्यावी लागली नाही. सही केलेल्या टायटलची प्रत मी ठेवली. ती अठरा महिने जपून ठेवायची. नाव बदलल्याचं पक्कं झाल्यावरच विमा बंद केला.

नंबर प्लेट गाडीसोबत जात नाही. आमची 'हिस्टॉरिक' प्लेट होती. दहा वर्षांची, ३० डॉलरची, पण तिच्यावर गाडी मेळावे, प्रदर्शनं, मिरवणुका एवढ्यालाच काढता येते. फक्त ऑगस्ट महिनाभर मोकळीक असते. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या निघतात, त्या दिवशी आम्ही दर वर्षी जायचो. त्याने रोज चालवायची म्हणून साधी प्लेट घेतली. पार्किंगमध्येच मी स्क्रू ड्रायव्हरने आमची काढली. चौथा स्क्रू गंजला होता, तो त्याने काढून दिला.

किल्ली देताना सांगितलं: थंडीत सुरू करताना आधी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोड, म्हणजे चोक बसतो. तेल जस्त असलेलंच घाल, या कॅमला ते लागतं. तो वहीत लिहून घेत होता. मग गाडी वळणावरून गेली आणि सिग्नलपर्यंत आवाज येत राहिला.

१९ ऑगस्टला वुडवर्डला गेलो नाही. सामान बांधत होते. दुपारी त्याचा मेसेज आला, तो तिथेच होता आणि उजव्या हेडलाइटचं झाकण अर्ध्यावर अडकलं होतं. मी फोन केला. झाकणामागच्या डबीवर जी रबरी नळी चढते तिचं टोक कडक झालं असेल, अर्धा इंच कापून परत घट्ट बसव, म्हटलं. चाकू आहे का? आहे म्हणाला. वीस मिनिटांनी फोटो आला. बॉनेट उघडं, त्याचे हात काळे, आणि दोन्ही झाकणं वर.